अट क्रमांक सत्तावीस

आमचे भाऊसाहेब जेवणाच्या डब्याला लाखेचं सील लावत.

हसू नका, मी साक्षीदार आहे. अक्षरशः साक्षीदार. दुपारी एकच्या ठोक्याला भाऊसाहेब डबा टेबलावर ठेवत आणि हाक मारत, "कनिष्ठ, बारकू, या. उघडायचाय."

कनिष्ठ म्हणजे मी. कचेरीत माझं पद कनिष्ठ सहायक होतं आणि भाऊसाहेबांनी माझं नाव कधी वापरलंच नाही. बारकू आमचा शिपाई. पोशीरचा, घरची भातशेती, वयानं माझ्याहून मोठा आणि अकलेनं तर फारच. आम्ही दोघं टेबलासमोर उभे राहायचो. डब्याच्या कडीला सुतळी, सुतळीच्या गाठीवर लाल लाख, लाखेवर भाऊसाहेबांच्या अंगठीचा ठसा.

"सील शाबूत?"

"शाबूत."

मग सुरीनं सुतळी कापली जाई, झाकण निघे, आणि भाऊसाहेब खणखणीत आवाजात पुकारत, "उपस्थितांसमक्ष उघडला. कारलं निघालं!"

एकदा धीर करून मी विचारलं, "भाऊसाहेब, भिसेगावच्या तुमच्या घरापासून इथपर्यंत पंधरा मिनिटांची वाट. डबा तुमच्याच हातात. त्यात फेरफार करणार कोण?"

"कोणीच नाही," भाऊसाहेब म्हणाले. "सील आहे ना!"

आमची कचेरी कर्जतला आहे. कुठली ते सांगत नाही. सरकारी आहे आणि खुर्च्यांच्या पाठीवर टॉवेल आहेत, एवढं पुरे. भाऊसाहेब तिथल्या खरेदी शाखेचे आणि खरेदी समितीचे प्रमुख. खडूपासून घंटागाडीपर्यंत जे काही विकत घ्यायचं ते त्यांच्या टेबलावरून जायचं, आणि ते जायचं निविदेनं. ज्यांचा या गोष्टीशी संबंध आला नाही अशा भाग्यवंतांसाठी सांगतो. काय हवंय ते आधी जाहीर करायचं, सोबत अटी छापायच्या. निदान तीन जणांचे देकार, म्हणजे दराचे प्रस्ताव, आले पाहिजेत. प्रत्येकानं दोन लिफाफे द्यायचे. पहिल्यात तुम्ही कोण आणि तुमची लायकी काय, दुसऱ्यात तुमचा दर. पहिल्यात जो नापास झाला त्याचा दुसरा फोडायचाच नाही. पास झालेल्यांत ज्याचा दर कमी त्याला काम. बस. एवढ्यावर भाऊसाहेबांनी पस्तीस वर्षं नोकरी केली आणि जवळजवळ तेवढाच संसार.

हो, संसारसुद्धा. स्टेशनजवळच्या बाजारात ते वांगी घ्यायला जात तेव्हा शेजारी शेजारी बसणाऱ्या तीन भाजीवाल्यांना एकेक चिठ्ठी देत. "दर लिहा, घडी घाला, एकमेकींचं बघू नका." एकदा तिघींनी संगनमत करून एकच दर लिहिला. भाऊसाहेबांनी तीनही चिठ्ठ्या उघडल्या, तिघींकडे चष्म्यावरून पाहिलं आणि जाहीर केलं, "प्रक्रिया रद्द! फेरनिविदा उद्या." वांग्यांशिवाय घरी गेले. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, मला म्हणाल्या होत्या, "तुमच्या भाऊसाहेबांच्या फेरनिविदेपायी तीन दिवस नुसतं वरण खातोय हो आम्ही."

मुलीचं लग्न ठरवतानाही हाच प्रकार. स्थळांकडून फोटो आणि शिक्षण एका लिफाफ्यात, पगार दुसऱ्या लिफाफ्यात. एका डॉक्टर मुलाच्या वडिलांनी बोलण्याच्या ओघात पगाराचा आकडा आधीच सांगितला, तर भाऊसाहेबांनी कानांवर हात ठेवले आणि ते स्थळ बाद केलं. शेवटी मुलीनं स्वतःच आपल्या वर्गातला एक मुलगा घरी आणून उभा केला. भाऊसाहेब दोन दिवस खरेदीचे नियम चाळत बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंना म्हणाले, "एकच निविदा आली आहे. पण पुरवठादार दुसरा मिळण्यासारखा नसेल तर विशेष बाब म्हणून मान्य करता येते. मान्य."

पुढे सगळी खरेदी संगणकावर आली. लिफाफेच गेले. भाऊसाहेबांच्या आयुष्यातला तो सर्वांत काळा दिवस. पण त्यांनी त्यावरही तोड काढली. पडद्यावर आलेले देकार ते कागदावर छापून घेत, कागद लिफाफ्यात घालत, लिफाफ्याला लाख लावत, आणि मग तो आमच्यासमक्ष फोडत.

आणखी एक सवय सांगतो. तेव्हा तिच्यात मला काहीच विशेष वाटलं नव्हतं. उल्हास नदीवरून जायचं असलं की भाऊसाहेब पुलावरून कधी चालत जात नसत. रिक्षा करत आणि रिक्षातही मधोमध बसत. एकदा मी म्हटलं, "भाऊसाहेब, बघा तरी, किती सुंदर दिसतेय नदी!" तर समोर बघत म्हणाले, "पाण्याबद्दल वाचावं, कनिष्ठ. पाहायचा आग्रह धरू नये."

आता बोटीकडे येतो.

डोंगराच्या कुशीत एक धरण आहे आणि धरणाच्या तलावापलीकडे एक वाडी. पंचवीस-तीस उंबरे. पाण्यातून दहा मिनिटं, डोंगराला वळसा घालून गेलं तर पायी दोन तास. वाडीची जुनी लाकडी होडी कुजून काठाला पडली होती आणि तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. वाडीची आक्का दर आठवड्याला भाजीची पाटी घेऊन कर्जतला यायची. येताना कचेरीत डोकावायची आणि भाऊसाहेबांच्या टेबलासमोर पाटी उतरवून विचारायची, "भाऊसाहेब, आमची बोट कुटवर आली?"

"मंजुरीपर्यंत आली."

"ते कोनचं गाव?"

आक्काचं कारण साधं होतं. थोरल्या सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा तिला झोळीत घालून डोंगराच्या वाटेनं आणावं लागलं. पोर वाटेतच झालं. "त्याचं नाव कागदावर येगळं हाय," आक्का म्हणाली, "पन समदे त्याला रस्त्याच म्हनतात. आता धाकटी पावसाळ्यात मोकळी होनार. तवा वाटंला दरडी. भाऊसाहेब, मला दुसरा रस्त्या नाय पायजे. बोट पायजे."

भाऊसाहेबांनी ढिगातून बोटीची फाइल काढली. ती सगळ्यांत वर ठेवली.

तलावाचं पाणी पिण्याचं, त्यामुळे डिझेलची बोट चालणार नव्हती. विजेवर चालणारी हवी होती. पैसे मंजूर झाले ते नेमके वर्षाच्या शेवटी. एकतीस मार्चच्या आत बोट घेऊन, तपासून, बिल द्यायचं, नाहीतर मिळालेलं अनुदान परत. आमच्या कचेरीनं जन्मात बोट घेतली नव्हती. निविदेचा मसुदा तयार करायचं काम माझ्याकडे आलं आणि मी माझा पराक्रम केला.

मागच्या वर्षीची घंटागाडीची निविदा संगणकात होती. बेचाळीस पानं. मी एक कळ दाबून जिथं जिथं 'घंटागाडी' होतं तिथं तिथं 'विद्युतचलित बोट' करून टाकलं आणि चहा प्यायला गेलो.

भाऊसाहेबांनी दोन दिवस पट्टी ओळीखाली धरून ती बेचाळीस पानं वाचली. प्रत्येक पानावर आद्याक्षरी केली. निविदा प्रसिद्ध झाली.

इच्छुकांच्या शंका ऐकायला सभा ठेवली तिला तिघं आले. एक मुंबईच्या कंपनीचा कोटवाला. एक समुद्रकाठचा, पिढीजात नावा बांधणारा, आम्ही त्याला तांडेल म्हणू. आणि तिसरे चौकचे शेठ. चौकला जुन्या हायवेवर त्यांचं भलंमोठं गॅरेज होतं, टेंपोला बॉडी बांधून द्यायचं.

तांडेलानं पहिला बॉम्ब टाकला. "सायेब, अट क्रमांक नऊ. बोटीला चार चाकं असावीत?"

माझ्या हातातली पेन्सिल गळून पडली.

भाऊसाहेब शांत होते. "किती लिहिलीत?"

"चार."

"मग चार."

"अहो, पन बोटीला चाकं कशाला?"

"उन्हाळ्यात तलावाचं पाणी मागं जातं. बोट काठावरून पाण्यापर्यंत कोण नेणार, तुम्ही?"

तांडेलानं पान उलटलं. आता कोटवाला उठला. "अट क्रमांक अकरा. बोटीला 'ओला' आणि 'सुका' असे दोन कप्पे असावेत आणि ते हिरव्या आणि निळ्या रंगात ठळक अक्षरांत लिहावेत?"

मी भिंतीकडे तोंड करून खिडकी उघडायला लागलो. तिथं खिडकी नव्हती.

"वाडीतला माल दोन प्रकारचा," भाऊसाहेब म्हणाले. "भाजी, मासळी ओली. तांदूळ, सरपण सुकं. तुमच्या घरी दोन्ही एकाच डब्यात ठेवतात?"

कोटवाला बसला. चौकचे शेठ एवढा वेळ डुलक्या घेत मान डोलावत होते. त्यांनी एकच शंका विचारली. "घंटा पितळी चालंल का?"

"दुरून ऐकू आली पाहिजे."

"स्टेशनापर्यंत जाईल सायेब!"

सभा संपल्यावर मी भाऊसाहेबांच्या टेबलाशी रडकुंडीला येऊन उभा राहिलो. "भाऊसाहेब, माझ्या हातून... शुद्धिपत्रक काढू या."

"शुद्धिपत्रक काढलं की मुदत वाढवावी लागते. मुदत वाढवली की एप्रिल उजाडतो. एप्रिलमध्ये अनुदान परत. आक्काला बोट द्यायचीय की शुद्धलेखन?"

"पण कोणी विचारलं, या अटी कोणी घातल्या, तर?"

"समितीनं," भाऊसाहेब म्हणाले. "समितीला तोंड नसतं, कनिष्ठ. जा, चहा घ्या."

मी बाहेर येऊन खरंच डोळे पुसले. असा वरिष्ठ मिळायला भाग्य लागतं, असं मी बारकूला सांगितलं. बारकू म्हणाला, "व्हय, व्हय," आणि माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

पहिले लिफाफे फुटले तेव्हा आणखी एक अट वर आली. अर्जदारानं मागच्या तीन वर्षांत स्वच्छतेच्या कामाची किमान पाच वाहनं पुरवलेली असावीत. कोटवाला बाद. तांडेलही बाद.

"चाळीस वर्सं नावा बांधतोय मी!" तांडेल ओरडला.

"त्यात कचऱ्याच्या किती?" भाऊसाहेबांनी पेन उचलून विचारलं. "एकही नाही. नोंद घेतली."

राहिले चौकचे शेठ. त्यांनी पाच काय, अकरा घंटागाड्या पुरवल्या होत्या. दर माफक होता. काम त्यांना मिळालं. हार स्वीकारावा तसा कार्यादेश हातात घेऊन शेठ म्हणाले, "गाडी आठवड्यात देतो."

"बोट," मी म्हणालो.

"तेच ते. बोट."

"शेठ, बोट. पाण्यावरची."

शेठ खाली बसले. "पान्यावरची? अहो, मी वाचलं, चार चाकं, दोन कप्पे, घंटा. म्हटलं आपलीच गाडी हाय. बोट म्हंजे योजनेचं नाव वाटलं मला. सरकारी योजनांना नावं काय, कशीबी असत्यात!"

त्या क्षणी मला आक्काची धाकटी सून झोळीत दिसायला लागली. काम चुकीच्या माणसाला गेलं, मार्चचे तीन आठवडे उरले, आणि सगळं माझ्या एका कळीमुळे. पण कचेरीच्या जिन्यावर तांडेल अजून रागानं विडी ओढत बसला होता. बारकूनं शेठला धरून त्याच्या शेजारी नेऊन बसवलं आणि दोन चहा सांगितले. चहा संपेपर्यंत ठरलं. नाव, मोटर आणि बॅटरी तांडेलाची; चाकं, कप्पे आणि घंटा चौकची.

"असं दुसऱ्याकडून करून घेतलेलं चालतं?" मी धावत वर जाऊन विचारलं.

"अट एकोणतीस. लेखी परवानगीनं चालतं," भाऊसाहेब म्हणाले. परवानगी त्यांनी आधीच लिहून ठेवली होती.

एकोणतीस मार्चला बोट आली. ट्रेलरवरून, श्रीराम पुलाकडून, बाजारातून, घंटा वाजवत. बाया घरातून कचऱ्याचे डबे घेऊन बाहेर आल्या आणि बोट पाहून डबे हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पांढरीशुभ्र, वीस माणसांची, चपट्या तळाची. डाव्या बाजूला हिरवं 'ओला', उजव्या बाजूला निळं 'सुका'. खाली चार चाकं, त्यांवर मडगार्ड, मडगार्डवर फुलं. शेठनी स्वखुशीनं मागे लिहिलं होतं, 'बघतोस काय, रागानं?'

त्या दिवशी आक्काही वाडीतल्या चार बाया घेऊन आली होती. "चला, तलावावर न्या आता!" ती म्हणाली.

"थांबा," भाऊसाहेब म्हणाले. हातात निविदा होती. "अट क्रमांक सत्तावीस. वाहन कर्जत येथील कार्यालयाच्या आवारात पोहोच करावे व समितीप्रमुखाने स्वतः आत बसून, पूर्ण भाराने, तेथेच चाचणी घ्यावी."

सगळ्यांनी आवाराकडे पाहिलं. धूळ, एक आंब्याचं झाड आणि त्याखाली झोपलेला कुत्रा.

आमचे मोठे साहेब वरून खाली आले. "भाऊसाहेब, इथं पाणी नाहीये हो."

"चाचणीचा सगळा बंदोबस्त पुरवठादारानं करायचा आहे, साहेब. अट अठ्ठावीस."

"तलावावर जाऊन घेऊ की चाचणी. कोण विचारतंय?"

"तपासणीवाले विचारतील. चाचणी अटीप्रमाणे नाही, सबब बिल अमान्य. वाडीची बोट परत चौकला. जबाबदारी तुम्ही घेता?"

मोठे साहेब वर गेले.

आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमच्या दारात येवढा तलाव पडलाय, आन बोट पोहनार कचेरीत?"

"अट म्हणजे अट, आक्का."

"घाला मग त्या अटीला चुलीत!"

शेठ चाकाला टेकून बसले होते. तांडेल हसत होता. दोन दिवस उरले होते. आणि तेव्हा बारकू चप्पल काढून आवारात उतरला, माती टाचेनं दाबून बघितली, आंब्यापासून फाटकापर्यंत पावलं मोजली आणि म्हणाला, "सायेब, खाचर करू."

"काय?"

"भाताचं खाचर. चारी अंगानं बांध घालायचा, पानी अडवायचं. जन्मभर दुसरं काय केलंय आमी?"

मग जे झालं ते कचेरीच्या इतिहासात पुन्हा होणे नाही. पोशीरहून बारकूचे भाऊबंद ट्रॅक्टरभर चिकणमाती घेऊन आले. वाडीच्या बायांनी पदर खोचले. कमरेएवढा बांध चढू लागला. माती तुडवताना बायांनी भातलावणीची गाणी धरली, तेव्हा रहिवासी दाखल्यासाठी रांगेत उभी असलेली माणसंही आत उतरली. चौकहून शेठच्या ताडपत्र्या आल्या, टँकरमागून टँकर आले. एकतीस मार्चच्या सकाळी कर्जतच्या कचेरीच्या आवारात एक तळं होतं, तळ्यात बोट होती आणि कुत्रा आंब्याखालून उठून बांधावर येऊन झोपला होता.

"पूर्ण भार!" भाऊसाहेबांनी पुकारलं. वीस माणसं हवी होती. आक्का आणि चार बाया, बारकूचे भाऊ, तांडेल, शेठ, रांगेतली माणसं, मी. एकोणीस झालो. विसावे भाऊसाहेब. बांधावर उभे, पांढरेफटक पडलेले. मला वाटलं, जबाबदारीचं ओझं.

"पाणी किती?" त्यांनी विचारलं.

"मांडीपतुर," बारकू म्हणाला.

भाऊसाहेबांनी डोळे मिटले आणि आत पाय टाकला. त्याबरोबर बोट हळूच खाली बसली. चाकं मातीला टेकली.

"येक टँकर कमी पडला!" बारकू ओरडला.

टँकर येईपर्यंत आम्ही वीस जण त्या टेकलेल्या बोटीत मुकाट बसून होतो. मोठे साहेब वरच्या खिडकीतून बघत होते. कोणीतरी फाटकातून विचारलं, "कुटं निघालावं?" आणि बारकूच्या भावानं उत्तर दिलं, "कचेरीतच!" भाऊसाहेब आक्काशेजारी बसले होते. मी पाहिलं, त्यांनी आक्काचं मनगट घट्ट धरलं होतं. आक्कानं ते सोडवलं नाही. नुसती त्यांच्याकडे बघत राहिली.

पाणी चढलं. बोट सुटली. तांडेलानं मूठ फिरवली आणि ती आवाज न करता चार हात पुढे गेली, मग चार हात मागे आली. शेठनी घंटा वाजवली. बांधावरच्या लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या दिवशीचा चाचणी अहवाल माझ्याच हातचा आहे: 'वाहन पुढे गेले. वाहन मागे आले. घंटा वाजली.' संध्याकाळी पाचच्या आत बिल निघालं.

मे महिन्यात भाऊसाहेब निवृत्त झाले. निरोपाचा हार त्यांनी वजन करून घेतला. जूनमध्ये बारकूनं आवारातल्या खाचराचं सोनं केलं, म्हणजे त्यात भात लावला. ते कळताच भाऊसाहेब भिसेगावहून तरातरा आले. "शासकीय जागेतलं पीक! जाहीर लिलावाशिवाय कापणी करायची नाही!" बारकू म्हणाला, "भाऊसाहेब, तुमी रिटायर झालावं." भाऊसाहेब बांधावरून भाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पीक मात्र बरं आहे."

आणि श्रावणात आक्काची धाकटी सून बोटीत बसून, ओल्या-सुक्याच्या मधल्या फळीवर आडवी होऊन, दहा मिनिटांत पलीकडून अलीकडे आली आणि तासाभरात दवाखान्यात पोहोचली. मुलगी झाली. दवाखान्यात. पलंगावर. दोघी ठणठणीत.

बारशाचं बोलावणं घेऊन आक्का स्वतः भिसेगावला गेली. भाऊसाहेबांनी, अपेक्षेप्रमाणे, नाही म्हटलं. पाय दुखतात, अमुक, तमुक. आक्का म्हणाली, "पोरीच्या नावासाठी तीन नावं मागवल्यात. मामाकडचं, आत्याकडचं, आन आमचं. तिनी लिफाफ्यात हायती. लाख लावून. फोडायला तुमीच पायजे."

काकू मला नंतर म्हणाल्या, "त्यांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. बस्ता बांधायला निघालेल्या नवऱ्यामुलासारखा."

अशा रीतीनं भाऊसाहेब आणि सोबतीला मी असे आम्ही दोघं तलावाच्या काठावर उभे राहिलो. पाणी काठोकाठ भरलेलं. बोट समोर, आत आक्का. भाऊसाहेब दहा पावलं मागे, एका दगडाला टेकून.

"आक्का, लिफाफे इकडेच आणा की. इथं फोडतो."

"नाय जमायचं. फोडायचं ठिकान वाडी. तशी अट लिवलीय."

"कितवी अट?"

"सत्तावीस."

"आणि आधीच्या सव्वीस कुठंयत?"

"त्या तुमाला काय करायच्यात?"

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आवाज खाली आणून बोलले. "कनिष्ठ, एक सांगतो. तुमची ती सत्तावीस मला पहिल्याच वाचनात दिसली होती."

"काय सांगता? मग खोडली का नाही?"

"खोडली असती तर चाचणी कुठं झाली असती?"

मी तलावाकडे पाहिलं. "इथं."

"आणि अट असो-नसो, आत कोणी बसायचं?"

"समितीप्रमुखानं."

"प्रमुख कोण होतं?"

माझ्या डोक्यात एकेक दुवा जुळू लागला. पुलावरची रिक्षा आठवली. बांधावरचा तो पांढराफटक चेहरा आठवला. बारकूची विचित्र नजर आठवली. "आणि चाकं? कप्पे? ते तरी?"

"एक अट खोडली की मोठे साहेब बाकीच्या वाचायला घेतात."

"म्हणजे भाऊसाहेब, मी एवढे दिवस समजत होतो, तुम्ही माझी चूक पोटात घातली!"

"पोटात कशाला घालीन?" भाऊसाहेब म्हणाले. "वापरली."

मग ते सरळ झाले, पॅंटचा पट्टा वर ओढला आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. मी वळसा घालून येतो. दोन तास लागतील. लिफाफे मी आल्याशिवाय फोडू नका."

आक्का बोटीतून उतरली. घोटाभर पाण्यातून चालत आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "भाऊसाहेब, वळसा घालून घालून आमची हयात गेली. बोट तुमी आनली. आता तुमाला वळसा घालू द्यायची मी? त्या दिशी कचेरीत माझं मनगट धरलंवतं, तवाच कळलं मला. हे घ्या. धरा."

तिनं हात पुढे केला. भाऊसाहेबांनी हाताकडे पाहिलं, तलावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "नोंद घेऊ नका." आणि मनगट धरलं.

बोट निघाली. भाऊसाहेब निळ्या अक्षरांखाली बसले होते, डोळे गच्च मिटलेले, एक हात आक्काच्या मनगटावर, दुसरा घंटेच्या दोरीवर. दोरी थरथरत होती, त्यामुळे घंटा सारखी वाजत होती. पलीकडच्या काठावर वाडी गोळा झाली होती. तलावाच्या मध्यावर आलो तेव्हा त्यांनी, डोळे न उघडता, विचारलं, "आक्का, पाणी किती?"

आक्कानं वाकून खाली पाहिलं. तिथं तळ दिसत नव्हता. मग तिनं कप्प्यावरच्या अक्षरांवरून हात फिरवला.

"ते आमी बघून घ्यू," आक्का म्हणाली. "तुमी सुक्यात हाय."